महामारी आणि शिक्षक

कोरोनाच्या काळात डॉक्टर, परिचारिका व सफाई कामगार यांचा यथोचित गौरव झाला. शिक्षकांविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. ती उणीव अल्पांशाने भरून काढावी, हा या लेखाचा हेतू होय.

मार्च २०२० च्या अखेरीस इंदुरात संचारबंदी लागली. आमच्या छावणीतील धान्यबाजाराप्रमाणे शाळांनाही कुलुपे पडली. शिक्षकांस आता रजाच, असे आम्हांस वाटले. प्रत्यक्षात पुष्कळांच्या वाट्यास घरोघर फिरून रुग्णांची नोंद घेण्याचे काम आले. पुढे ६ जुलै २०२० पासून मध्य प्रदेश शासनाने ‘हमारा घर हमारा विद्यालय’ ही योजना चालू केली, आणि मुलांचे घर हीच शिक्षकांची शाळा झाली.

या कामास ते मनाने तयार होते काय? आमच्या मते वृत्ती ही ज्ञानावर अवलंबून असते. प्रथम सर्वांचाच भर वस्तू पुसण्यावर होता. बंद खोलीतील हवा अधिक घातक, हे मागाहून उमगले. ज्या शिक्षकास ते कळले, त्याने मुखपट्टी लावून झाडाखाली चार मुले अंतराअंतराने बसविली व निर्धास्तपणे शिकविले. ज्यास कळले नाही, तो एक तर भ्याला, नाही तर बेफिकीर राहिला. दोहोंचे मूळ अज्ञानच.

नुसते धैर्य पुरत नाही, याचा जुना दाखला पुण्याचा आहे. आद्य शिक्षिका सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने निवर्तल्या. हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखविले. धैर्य होते, ज्ञान एक वर्ष उशिरा आले.

आता आमचीच एक चूक सांगतो. ‘शाळा बंद आहे’ म्हणून आम्ही नातवाची फी सहा महिने रोखली. त्याचे गुरुजी मात्र रोज मोबाइलवरून शिकवीत होते. एके दिवशी तेच गुरुजी एक पोते गहू उधार मागण्यास पेढीवर आले. पगार निम्मा झाला होता. आमची मान खाली गेली.

आपल्यापैकी अनेक जण शाळांच्या समित्यांवर आहेत. त्यांस विनंती की, पुढील संकटापूर्वीच शिक्षकांस रोगाचे यथार्थ ज्ञान मिळावे, वर्गांस मोठ्या खिडक्या असाव्यात आणि शाळा बंद पडली तरी पगार चालू राहील असा निधी शिलकीत ठेवावा. दुष्काळासाठी धान्य साठविणाऱ्या आपल्या समाजास हे अवघड नाही.