कुळाचे खांब

अमेरिका खंडाच्या वायव्य टोकाला अलास्का नावाचा मुलूख आहे. तेथे समुद्रकाठी त्लिंगिट लोक राहतात. त्यांच्यात मूल आईच्या कुळाचे धरतात. आपल्याकडे देवक असते ना, तशी त्या कुळांना चिन्हे असतात. कुणाचे अस्वल, कुणाचा डोमकावळा. तांबड्या सीडर झाडाचा अख्खा बुंधा वाकसाने तासून कारागीर त्यावर ही चिन्हे कोरतात. खांबाची पूजा करीत नाहीत. त्यात कुळाची कथा असते. दुसऱ्या कुळाने ती वापरायची नाही.

१८९९ साली हॅरिमन या रेल्वेमालकाचे जहाज केप फॉक्स गावी लागले. गावकरी काही वर्षांपूर्वीच दुसरीकडे राहायला गेले होते. पाहुण्यांना वाटले, गाव ओस पडले! त्यांनी खांब काढून जहाजावर चढवले. पुढे ते दूरच्या संग्रहालयांत गेले. पण माणूस दिसला नाही, म्हणून वस्तूला धनी नाही असे आम्ही कसे म्हणावे? कूळ तर नांदत होते.

१९९० साली अमेरिकेत कायदा झाला, की अशा वस्तू मूळ लोकांना परत द्याव्यात. २००१ साली खांब परत आले. नातवंडे-पतवंडे त्यांना घ्यायला जमली. केप फॉक्सच्या लोकांनी संग्रहालयांना उलट सीडरचे बुंधे भेट दिले. त्यांतल्या एकावर नेथन जॅक्सन या त्लिंगिट कारागिराने अस्वलाच्या कथेचा नवा खांब कोरला.