कोणत्या डब्यात काय? लेबल मशीन निवडताना

स्वयंपाकघरातल्या फळीवर हळद कुठे आणि हिंग कुठे, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. पण त्याच घरात बाल्कनीच्या कोपऱ्यात, जिन्याखाली किंवा माळ्यावर आणखी एक संसार थाटलेला असतो. हातोडी, पक्कड, पाने, ड्रिल मशीन, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतले स्क्रू, तुपाच्या बरणीतले खिळे, उरलेल्या रंगाचे डबे, थिनरची बाटली आणि कशाचे आहेत ते कोणालाच न सांगता येणारे चार्जर. हा संसार बहुधा घरातल्या एकाच माणसाचा असतो आणि त्यातले काय कुठे आहे, हेही त्या एकालाच माहीत असते.

तो माणूस बाहेरगावी गेला आणि नेमका त्याच दिवशी नळाचा वायसर गेला, की सारे घर पालथे घातले तरी तो इवलासा वायसर सापडत नाही. शेवटी फोन होतो, ‘‘अहो, नळाचे वायसर कुठे ठेवलेत?’’ उत्तर येते, ‘‘अगं, त्या पांढऱ्या डब्यात.’’ आणि पांढरे डबे असतात सात!

डब्यांना लेबल लावणे हा यावरचा साधा उपाय. हल्ली त्यासाठी हातात मावतील अशी छोटी मशीन्स बाजारात आणि ऑनलाइन दुकानांतून सहज मिळतात. मात्र दिसायला छान आणि किमतीला स्वस्त म्हणून घेतलेले मशीन दोन महिन्यांत कपाटात जाऊन पडते. म्हणून खरेदीपूर्वी थोडा विचार करायला हवा.

लेबल कोणासाठी?

ज्याने डबा भरला, त्याला लेबलची गरज नसते. लेबल असते ते ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी. पत्नी, मुले, वृद्ध आईवडील, दुरुस्तीला आलेला प्लंबर किंवा सुतार हे त्याचे खरे वाचक. ही गोष्ट ध्यानात ठेवली, की मशीन कोणते घ्यावे, अक्षर केवढे असावे आणि ते कोणत्या भाषेत असावे, हे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात.

शिवाय प्रश्न केवळ वेळ वाचवण्याचा नाही. घरच्या वर्कशॉपमध्ये रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर, ॲसिड, वाळवीचे औषध अशा वस्तू असतात. यांतल्या काही पाण्यासारख्याच दिसतात. काळोखात किंवा घाईत हात कोणत्या बाटलीवर पडेल, याचा नेम नसतो. तीच गोष्ट विजेच्या बोर्डाची. ठिणगी उडाली तर दहा स्विचांपैकी स्वयंपाकघराचा कोणता, हे घरात असलेल्या कोणालाही क्षणात कळले पाहिजे. मशीन कोणतेही घ्या, पण पहिली लेबले याच ठिकाणी लावा.

मशीनचे तीन प्रकार

पहिला प्रकार अक्षरे ठसवणाऱ्या मशीनचा. अमेरिकेत १९५८ साली सुरू झालेल्या डायमो कंपनीने हा प्रकार जगभर पोहोचवला. यात अक्षरांची चकती फिरवायची आणि खटका दाबायचा. रंगीत कडक प्लास्टिकच्या पट्टीवर दाब पडतो आणि ताणलेल्या जागी प्लास्टिक पांढरे होऊन अक्षर उमटते. शाई नाही, सेल नाहीत, बिघडण्यासारखे फारसे काही नाही. किंमतही काही शे रुपयांत असते. शाई नसल्याने पुसले जाण्याचा प्रश्नच नाही. मात्र एकेक अक्षर दाबत बसावे लागते, लांब नावे लिहिताना हात भरून येतो आणि पट्टी कडक असल्याने गोल बाटलीवर तिची टोके सुटतात. सपाट डबे आणि खण यांच्यासाठी हे मशीन उत्तम.

दुसरा प्रकार बटणांच्या मशीनचा. जपानच्या ब्रदर कंपनीने १९८८ साली पी-टच या नावाने अशी मशीन्स आणली. नाव टाइप करायचे, बटण दाबायचे आणि छापलेली पट्टी कापून घ्यायची. यात कॅसेटमधल्या शाईच्या फितीवर उष्णता देऊन अक्षर उमटवले जाते. यातली ‘लॅमिनेटेड’ पट्टी वर्कशॉपसाठी विशेष उपयोगी. तिच्यात अक्षरांवर पारदर्शक प्लास्टिकचा थर असतो. त्यामुळे तेलाचा हात लागला, पाणी पडले किंवा ओरखडा उठला तरी अक्षर सहसा जात नाही. मशीनची किंमत काही हजारांत जाते आणि कॅसेटही स्वस्त नसते. प्रत्येक कॅसेट लॅमिनेटेड असतेच असे नाही, तेव्हा खोक्यावर तो शब्द पाहूनच घ्यावी.

तिसरा प्रकार मोबाइलला जोडायच्या छोट्या छपाई मशीनचा. यांना बटणे नसतात. मोबाइलवर लिहायचे आणि ब्लूटूथने छापायचे. यांतली बरीच मशीन्स शाई वापरतच नाहीत. खास कागद तापला की काळा पडतो, दुकानातल्या बिलासारखा. आणि बिलाचे काय होते, ते आपण पाहतोच. ऊन, उष्णता, तेल आणि थिनर यांनी ते फिके पडते. म्हणून ही लेबले घरातल्या फायली, वह्या, कपाटे यांच्यासाठी ठीक. उन्हाच्या बाल्कनीत, रंगाच्या किंवा रसायनांच्या डब्यांवर ती लावू नयेत.

दुकानात गेल्यावर एक सोपी परीक्षा करता येते. छापलेल्या लेबलवर नख जोरात घासा. घासलेल्या जागी काळी रेघ उठली, तर ते उष्णतेने काळे पडणाऱ्या कागदाचे आहे असे समजा. रेघ उठली नाही, तरी तेवढ्यावरून निश्चिंत होऊ नका, कारण काही कागदांवर संरक्षक लेप असतो. नमुन्याची पट्टी घरी आणून चार दिवस उन्हात ठेवणे हीच खरी खात्री.

मराठीत छापता येईल का?

आपल्याकडे हा प्रश्न महत्त्वाचा. ठसवणाऱ्या मशीनच्या चकतीवर रोमन अक्षरे आणि आकडे असतात. बाजारातल्या बटणांच्या बहुतेक मशीनांचेही तेच. आजीला किंवा कामाला येणाऱ्या मावशींना इंग्रजी वाचता येत नसेल, तर ‘थिनर’ हे नाव इंग्रजीत लिहून उपयोग काय? देवनागरी हवी असेल तर मोबाइलला जोडायचे मशीन पाहावे. मोबाइलच्या पडद्यावर दिसते ते अशी मशीन्स चित्रासारखे छापतात. यातही शाईच्या फितीवर, लॅमिनेटेड पट्टीवर छापणारी मशीन्स मिळतात. किंमत थोडी अधिक असली तरी मराठी घराला तीच सोयीची.

घेण्यापूर्वी ‘स्क्रू’ आणि ‘ड्रिल’ हे दोन शब्द छापून पाहावेत. जोडाक्षर आणि रकार नीट उमटले, वरच्या वेलांट्या व खालचे उकार कापले गेले नाहीत, म्हणजे झाले. देवनागरीला वर-खाली जागा लागते. त्यामुळे १२ मिलिमीटरच्या पट्टीवर एकच ओळ घ्यावी. दोन ओळी केल्या तर अक्षरे इतकी बारीक होतात, की चष्मा शोधण्यासाठी वेगळे लेबल लावावे लागेल!

इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बंगळूर अशा ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक विचार करावा. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला मराठी वाचता येईलच असे नाही. विजेच्या बोर्डावर मराठीबरोबर तिथली भाषा किंवा इंग्रजी असावी. स्क्रूच्या डब्याला तर भाषाही लागत नाही. आतला एक स्क्रू बाहेर पारदर्शक पट्टीने चिकटवला, की सर्वांना कळते.

खर्च मशीनचा नव्हे, पट्टीचा

मशीन एकदाच घेतले जाते, पट्टी पुन्हा पुन्हा. एका कंपनीची कॅसेट दुसरीच्या मशीनला सहसा चालत नाही. म्हणून मशीन निवडण्याआधी त्याची कॅसेट आपल्या गावात किंवा ऑनलाइन नेहमी मिळते का, आणि केवढ्याला मिळते, ते पाहावे.

दुसरी गोष्ट कोऱ्या जागेची. बटणांची अनेक मशीन्स प्रत्येक लेबलच्या सुरुवातीला सुमारे अडीच सेंटिमीटर पट्टी कोरी सोडतात. समजा, कॅसेटमध्ये ८ मीटर पट्टी आहे आणि आपले लेबल ५ सेंटिमीटरचे आहे. कोरी जागा न गेल्यास १६० लेबले निघतील. प्रत्येक वेळी अडीच सेंटिमीटर वाया गेले, तर जेमतेम १०६ निघतात. म्हणजे तिसरा हिस्सा कचऱ्यात! यावर उपाय असा, की आठ-दहा नावे मध्ये थोडी जागा सोडून एका दमात छापावीत आणि मग कात्रीने कापावीत. यादी आधी कागदावर करून ठेवली, की हे सहज जमते.

रुंदीचे म्हणाल, तर लहान खणांना ९ आणि बहुतेक डब्यांना १२ मिलिमीटरची पट्टी पुरते. घरात वृद्ध मंडळी असतील, तर १८ मिलिमीटरची पट्टी चालणारे मशीन घ्यावे. स्वस्त मशीनांत बहुधा १२ पर्यंतचीच पट्टी बसते.

आणि डबे मोजून तीस-चाळीसच असतील तर? मग मशीन घेऊच नये. जाड कागदावर ठळक अक्षरांत नाव लिहावे, त्यावर कागदापेक्षा रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावावी. घरात सुवाच्य अक्षराचे मूल असेल, तर त्याला हे काम आनंदाने करता येईल. मात्र कागद उघडा ठेवू नये. पावसाळ्यात तो दमट होऊन सुटतो आणि झुरळे, कसर यांना खळीचे फार वेड.

लावण्याची रीत

निम्मी लेबले मशीनमुळे नव्हे, तर घाईने लावल्यामुळे सुटतात. डब्याचा तेलकटपणा स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यावा, तो भाग पूर्ण वाळू द्यावा आणि मगच लेबल दाबून बसवावे. आइस्क्रीमचे डबे, लवचिक बरण्या यांच्या गुळगुळीत प्लास्टिकवर साधा गोंद नीट धरत नाही. तिथे जास्त चिकट पट्टी वापरावी. खडबडीत लाकडी फळीवर लेबल टिकत नाही, त्यासाठी पुठ्ठ्यावर लेबल लावून तो पुठ्ठा टाचणीने बसवावा. वायरवर लेबल गुंडाळू नये. पट्टी वायरभोवती घेऊन तिची दोन्ही टोके एकमेकांना चिकटवावीत, म्हणजे झेंड्यासारखे लेबल उभे राहते आणि वाचता येते.

लेबल झाकणावर कधीच लावू नये, कारण झाकणे बदलतात. ते डब्याच्या अंगावर असावे. आणि नुसते ‘स्क्रू’ असे लिहिण्यात अर्थ नाही. ‘लाकडाचे स्क्रू, ८ नंबर, २५ मि.मी.’ असे लिहावे. भिंतीत बसवायच्या गिट्ट्यांच्या डब्यावर ‘६ मि.मी., ड्रिलचे पाते ६’ असे लिहिले, तर भोक मोठे पडून भिंत खराब होत नाही. रंगाच्या डब्यावर शेडचा क्रमांक, खोलीचे नाव आणि वर्ष असावे. चार्जरवर तो कशाचा आहे आणि किती व्होल्टचा आहे, ते लिहावे. चुकीचा चार्जर लावल्याने चांगले उपकरण जळू शकते.

विजेच्या बोर्डासाठी घरातले दोघे लागतात. एकाने एकेक स्विच बंद करायचा, दुसऱ्याने कोणते दिवे आणि प्लग बंद झाले ते ओरडून सांगायचे. अर्ध्या तासात काम होते. मात्र विजेचे काम करताना केवळ लेबलवर भरवसा ठेवू नये. मधल्या काळात कोणी वायर बदललेली असू शकते. टेस्टरने खात्री करूनच हात घालावा.

जिथे लेबलही पुरत नाही

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. रॉकेल, थिनर किंवा ॲसिड सरबताच्या अथवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये, मग तिच्यावर कितीही ठळक लेबल असो. लेबल वाचणाऱ्यांसाठी असते आणि तीन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. त्याला फक्त ओळखीची बाटली दिसते. अशा वस्तू मूळ डब्यातच, उंचावर आणि कुलपात ठेवाव्यात.

कीटकनाशकाचे मूळ लेबल तर मुळीच काढू नये. त्यावरच्या चौकटीतला रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अतितीव्र, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. आपले लेबल लावायचेच असेल, तर हा भाग झाकला जाणार नाही असे लावावे.

दुर्दैवाने मुलाने रॉकेल किंवा थिनर प्यायलेच, तर त्याला उलटी करायला लावू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी. अशा वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘‘पोटात काय गेले?’’ बाटलीवर नाव असेल, तर उत्तर शोधण्यात वेळ जात नाही.

तेव्हा येत्या रविवारी कागद-पेन्सिल घेऊन सर्वांनी मिळून डब्यांची यादी करा. कोणते मशीन घ्यायचे, घ्यायचे की नाही, हे ती यादीच सांगेल. पहिले लेबल रसायनांना, दुसरे विजेच्या बोर्डाला आणि मग सावकाश त्या सात पांढऱ्या डब्यांना लावा. पुढच्या वेळी वायसर गेला, तर घरात जो असेल तो तो शोधून काढील.