विश्लेषण : तारे रोज चार मिनिटे आधी का उगवतात?

आज रात्री नऊ वाजता समोरच्या इमारतीच्या कडेला टेकलेला तारा उद्या ८ वाजून ५६ मिनिटांनीच तेथे पोहोचलेला असतो. परवा ८.५२ ला. महिन्याभरात हा फरक दोन तासांवर जातो. घड्याळ बरोबर असते आणि ताराही घाई करत नाही. मग होते काय?

फिरते कोण?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून तारे तासाला सुमारे १५ अंश पश्चिमेकडे सरकताना दिसतात. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटाने यासाठी नावेचा दाखला दिला. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच ताऱ्यांचे. पुढच्या पंडितांना हे पटले नाही. पृथ्वी फिरत असेल, तर उडालेले पक्षी घरट्यात परततात कसे, असा वराहमिहिराचा आक्षेप. (हवा आणि पक्षी दोन्ही पृथ्वीसोबतच फिरतात, हे त्याचे आजचे उत्तर.) काही टीकाकारांनी तर आर्यभटाच्या श्लोकाचा अर्थच ओढूनताणून उलटा लावला.

चार मिनिटे आली कुठून?

त्याचे उत्तरही आर्यभटाच्या आकड्यांत सापडते. ४३,२०,००० वर्षांच्या युगात पृथ्वी १,५८,२२,३७,५०० वेळा फिरते, असे त्याचे गणित. भागाकार केला की वर्षाला ३६६ आणि वर सुमारे पाव फेरी येते. वर्षाचे दिवस मात्र ३६५ आणि सुमारे पाव. म्हणजे फेरी एक जास्त!

कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही रोज सुमारे एक अंश पुढे सरकते. ताऱ्यांच्या संदर्भाने तिची फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण होते. पण सूर्य पुन्हा मध्यान्हाला यायचा तर तिला आणखी एक अंश वळावे लागते. त्यालाच चार मिनिटे लागतात. आपली घड्याळे सूर्याच्या दिवसावर चालतात, म्हणून तारे ‘लवकर’ येतात.

‘मृग लागला’, पण दिसत का नाही?

डिसेंबरमध्ये संध्याकाळी पूर्वेला उगवणारे मृग नक्षत्र रोज चार मिनिटे आधी येत येत मेअखेरीस मावळतीच्या उजेडात हरवते. ७-८ जूनला ‘मृग लागला’ म्हणून शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतो, तेव्हा सूर्यच मृगात असतो. ज्या नक्षत्राच्या नावाने पावसाची वाट पाहायची, ते त्या दिवसांत रात्री दिसतच नाही. आभाळ कोरडे असले तरीही.