जेवणानंतरची रोजची उलटी : प्रत्येक वेळी पित्तच असते असे नाही

"मॅडम, हिला पित्त लई होतं बघा. जेवली की उलटी काढते, मगच बरं वाटतं तिला." भोकरदनला दवाखाना चालवताना हे वाक्य मी अनेकदा ऐकते. बोलणारी बहुधा आई किंवा सासू असते आणि जिच्याविषयी बोलणे चालू आहे ती मुलगी खाली मान घालून बसलेली असते. बहुतेक वेळा तो त्रास खरोखरच आम्लपित्ताचा असतो. कधी पित्ताशयात खडे असतात, कधी जठराला सूज असते, तर कधी दिवस गेलेले असतात. पण थोड्या मुलींच्या बाबतीत यापैकी काहीच सापडत नाही. त्यांना उलटी होत नसते, त्या ती काढत असतात; आणि तीही वजन वाढू नये म्हणून. या आजाराचे नाव बुलिमिया नर्व्होसा. आजच्या सदरात त्याची माहिती घेऊ.

आजार कोणता?

बुलिमिया हा शब्द ग्रीक भाषेतला असून त्याचा अर्थ 'बैलासारखी भूक' असा होतो. आपल्याकडे फार खाणाऱ्याला 'भस्म्या झालाय' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. १९७९ साली लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेराल्ड रसेल यांनी या आजाराचे प्रथम सविस्तर वर्णन केले.

यात तीन गोष्टी एकत्र आढळतात. पहिली, थोड्या वेळात भरमसाट खाणे आणि खाताना हात आवरता न येणे. दुसरी, खाल्लेले 'फेडण्यासाठी' उलटी काढणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे, दोन-दोन दिवस उपाशी राहणे किंवा अति व्यायाम करणे. तिसरी, आपली सगळी किंमत वजनावर आणि अंगकाठीवर ठरते अशी मनाची पक्की समजूत. असे खाणे आणि फेडणे सरासरी आठवड्यातून एकदा, तीन महिने चालू राहिले तर तो आजार धरावा, असा आजचा वैद्यकीय निकष आहे. लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त खाल्ल्या म्हणजे बुलिमिया नव्हे. इथले खाणे एकटीने, चोरून आणि पुष्कळदा रात्री होते; त्यात चवीचा आनंद नसतो आणि नंतर लाज वाटते.

हा आजार पुरुषांनाही होतो, परंतु किशोरवयीन मुली व तरुण स्त्रियांत तो अधिक आढळतो. रुग्ण हडकुळी असेलच असे नाही. वजन बहुधा बेताचे किंवा थोडे जास्तच असते, म्हणून घरात कोणाला शंका येत नाही.

सुरुवात कशी होते?

पुष्कळदा सुरुवात वजन कमी करण्यापासून होते. 'दिवाळीनंतर स्थळं येतील, तोवर चार किलो उतरव' असे मावशी म्हणते. बाळंतपणानंतर कोणी तरी 'किती सुटलीस गं' म्हणून जाते. मोबाइलवर दिवसभर सडपातळ मुलींची चित्रे दिसत असतात. मग मुलगी सकाळचा नाश्ता सोडते, दुपारी अर्ध्या भाकरीवर भागवते. शरीराला ही उपासमार सोसत नाही. संध्याकाळी भुकेचा असा काही जोर येतो की समोर दिसेल ते पोटात जाते. मग भीती वाटते, उलटी काढली जाते, क्षणभर सुटल्यासारखे वाटते आणि 'उद्यापासून खायचेच नाही' असा निश्चय होतो. त्या निश्चयातूनच उद्याचा भुकेचा झटका तयार होतो. उपाशी राहणे, अति खाणे आणि उलटी असे हे रहाटगाडगे आहे. एकटेपणा, घरातले ताण, उदासपणा, लहानपणी झालेला छळ यांनी त्याला आणखी गती मिळते.

आपल्याकडे या आजाराला लपायला दोन सोयीच्या जागा आहेत. एक पित्त आणि दुसरी उपास. राजूरच्या गणपतीची अंगारकी असो वा नवरात्र, श्रद्धेने उपास करण्यात काही वावगे नाही. परंतु सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपास एकदम वाढले आणि त्यामागे देवापेक्षा वजनकाट्याचीच चिंता दिसू लागली, तर लक्ष द्यावे.

ओळखावे कसे?

जेवण होताच मुलगी न चुकता न्हाणीघरात किंवा संडासात जाते, नळ सोडून ठेवते. डब्यातला फराळ, पोळ्या, बिस्किटे हिशेबाबाहेर संपतात. कानाखाली गालांच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंनी सूज दिसते. ती गालगुंडासारखी वाटते, पण ताप नसतो. घशात बोटे घालताना दात लागून हाताच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे किंवा ओरखडे पडतात. पोटातल्या आम्लाने वरच्या पुढच्या दातांचे आतल्या बाजूचे कवच झिजते, दात शिवशिवतात. म्हणून कधीकधी हा आजार प्रथम दातांच्या डॉक्टरांच्या लक्षात येतो. याशिवाय घसा बसणे, पाळी अनियमित होणे, थकवा, चिडचिड हेही आढळते. यातले एखादे लक्षण दिसले म्हणून निदान होत नाही. चार गोष्टी एकत्र दिसल्या तर विचार करावा.

धोका कोणता?

वारंवार उलट्या आणि जुलाबांनी रक्तातील पोटॅशियम कमी होते. त्यामुळे हातापायांत गोळे येतात, अशक्तपणा येतो आणि हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकते. अन्ननलिकेला चीर पडून उलटीत रक्त येऊ शकते. उलटीत रक्त, चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड किंवा आत्महत्येचे विचार असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एवढे करून वजन उतरते का, तर तेही नाही. उलटी काढली तरी खाल्लेल्या अन्नाचा बराच भाग अंगी लागतोच. जुलाबाच्या गोळ्यांचे काम मुख्यतः मोठ्या आतड्यात चालते आणि अन्नातील कस त्याआधीच लहान आतड्यात शोषला गेलेला असतो. जातात ते पाणी आणि क्षार. काट्यावर दिसणारी घट दोन दिवसांत भरून येते.

उपचार आहेत

हा मनाचा आणि शरीराचा आजार आहे. हट्ट, नखरे किंवा बाहेरची बाधा नव्हे. प्रथम रक्ताची तपासणी आणि गरज वाटल्यास ई.सी.जी. काढतात. मुख्य उपचार बोलण्याचा आहे. विचार आणि वागणूक बदलण्याच्या या पद्धतीत ऑक्सफर्डचे डॉ. ख्रिस्तोफर फेअरबर्न यांचे काम महत्त्वाचे मानले जाते. रुग्णाने काय, केव्हा, कोणत्या मनःस्थितीत खाल्ले याची वही ठेवायची. दिवसातून तीन जेवणे आणि दोन-तीन वेळा थोडे खाणे ठरवायचे. दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नाही. पोट वेळेवर भरले की भुकेचा झटकाच येईनासा होतो. फ्लुओक्सेटिन नावाच्या औषधाचाही उपयोग होतो. अमेरिकेत १९९६ मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. मात्र ते मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि मनाने बंद करू नये. सुधारणेला काही महिने लागतात, मध्ये आजार उलटतोही, पण पुष्कळ रुग्ण बऱ्या होतात.

तोवर एक सूचना. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, आम्लाने मऊ झालेले कवच त्याने आणखी घासले जाते. पाण्याने खळखळून चूळ भरावी.

घरच्यांनी काय करावे?

चोरी पकडल्यासारखे सगळ्यांसमोर विचारू नये. आईने किंवा थोरल्या बहिणीने एकांतात, शांतपणे म्हणावे, "बाळा, जेवल्यावर तुला त्रास होतो हे मला दिसतंय. मी रागावणार नाही, आपण मिळून दाखवू." न्हाणीघराला कुलूप लावणे, ताटावर पहारा ठेवणे याने लपवाछपवी वाढते. वजनाविषयीची थट्टा, मग ती कौतुकाची का असेना, घरात बंद करावी. रात्री एकत्र जेवावे आणि नंतर अर्धा तास गप्पांत घालवावा.

आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. तिथून जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे जाता येते. 'वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं' असे लोक म्हणतील या भीतीने थांबू नये. घरून बोलायचे असल्यास टेलि-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतून आणि विनाशुल्क बोलता येते.

१९९५ साली ब्रिटनच्या राजकन्या डायना यांनी दूरदर्शनवरील मुलाखतीत आपल्याला हा आजार होता आणि तो आपण अनेक वर्षे लपवला, असे जगासमोर सांगितले. त्यानंतर पुष्कळ स्त्रिया उपचारासाठी पुढे आल्या. आपल्या घरातल्या मुलीला एवढ्या मोठ्या व्यासपीठाची गरज नाही. तिला एक विश्वासाचे माणूस पुरेसे आहे. तेव्हा पुढच्या वेळी पित्ताची गोळी आणायला जाण्यापूर्वी तिच्याजवळ घटकाभर बसा आणि तिचे ऐकून घ्या.