रस्ता पायी चालणाऱ्यांचा झाला तर दुकानदाराचे काय?

'पादचारी रस्ता' म्हटले की भद्रकाली, दूध बाजार, मेनरोडच्या व्यापाऱ्याला पहिली धास्ती वाटते ती गिऱ्हाईक तुटण्याची. गाडी दारापर्यंत आली नाही तर माणूस येईल कसा? ही भीती आम्हाला अर्धीच खरी वाटते. जुन्या नाशकातल्या अरुंद गल्ल्यांत गिऱ्हाईक शेवटी पायीच दुकानात शिरते. दारासमोर लावलेल्या दुचाक्यांनी दुकानाचा दर्शनी भाग झाकतो, आणि त्या पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या नसतात, आपल्या व आपल्या नोकरांच्याच असतात.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे १९६२ साली मुख्य बाजाराचा रस्ता गाड्यांना बंद झाला, तेव्हा तिथल्या दुकानदारांनीही विरोध केला होता. दोन वर्षांनी तोच बदल कायम झाला आणि बाजार टिकला.

आपल्याला जवळचा दाखला दिल्लीच्या चांदनी चौकाचा. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद या रस्त्यावर २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी आली. तिथे खरी अडचण मालाची. बंदीच्या वेळेत टेम्पो येणार नसेल तर माल रात्री किंवा भल्या पहाटे उतरवावा लागतो. त्या वेळचा हमाल, दुकान उघडायला थांबणारा माणूस, हा खर्च नकाशावर दिसत नाही. कल्हईवाल्याकडे मोठा देग घेऊन येणारा माणूस तरी तो डोक्यावर किती लांब आणणार? म्हणून माल चढवण्या-उतरवण्याची वेळ आणि जागा आराखड्यातच लिहून घेतली पाहिजे.

नाशिकमध्ये त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा 'स्मार्ट रोड' रुंद पदपथांसह झाला. गाड्या बंद झाल्या नाहीत, पण काम लांबले. खोदलेल्या रस्त्यावर गिऱ्हाईक फिरकत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. काम टप्प्याटप्प्याने आणि मुदतीत व्हावे, ही मागणी कुदळ पडण्याआधी लेखी द्यावी.

हातगाडीवाल्यांची गोष्ट वेगळी. रस्ता देखणा करताना पहिली गदा त्यांच्यावर येते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यांत एक तृतीयांश महिला, आणि या विक्रेता सदस्यांत अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व द्यावे असे कायदाच म्हणतो. आपले किती बांधव त्या निवडणुकीची चौकशी करतात?

सर्वेक्षण दर पाच वर्षांनी किमान एकदा व्हायचे असते. त्या दिवशी गाडी जागेवर हवी आणि मालकही. मुलाला बसवून चालणार नाही. महापालिकेच्या जुन्या पावत्या फाटल्या असल्या तरी जपून ठेवा, आणि प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.