शाळा समिती : गावातली आपली दुसरी सहकारी संस्था



हंगाम तोंडावर आला की आमचे शेतकी खाते तोडणी कार्यक्रम, टोळ्यांचे करार, गाडीरस्ते यांविषयी लिहिते. यावेळी विषय वेगळा वाटेल, पण तो उसाच्या फडाशीच जाऊन मिळतो. विषय आहे गावच्या प्राथमिक शाळेचा आणि तिथे पालकांनी लावायच्या हातभाराचा.

कारखान्याचा भाग घेतला म्हणजे सभासदाचे काम संपले असे कोणी म्हणत नाही. वार्षिक सभेला गेलो नाही, अहवाल वाचला नाही, तर संस्था आपली राहत नाही. शाळेचेही तसेच आहे. बालकांच्या शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. म्हणजे समिती बारा जणांची असेल तर नऊ पालक व सहा महिला. अध्यक्ष पालकांतूनच होतो. शाळेचे कामकाज पाहणे, विकास आराखडा करणे, अनुदान कुठे खर्ची पडले ते तपासणे ही समितीची कामे. एवढे अधिकार हाती असून बऱ्याच ठिकाणी समिती कागदावर राहते. ठरावाचे पुस्तक घरोघरी फिरते, सह्या होतात, आणि झाली बैठक!

असे का होते? आपला घाटंजी भाग मूळचा कपाशीचा, ऊस फक्त ओलिताच्या वावरात. दिवाळीपासून वेचणीची घाई असते. भर दुपारी अकरा वाजता बैठक बोलावली तर मजुरी बुडवून कोणती बाई येणार? येत नाही म्हणजे तिला मुलाची काळजी नाही, असे समजू नये. तीच बैठक रात्री जेवणानंतर किंवा बाजाराच्या दिवशी ठेवून पाहावी. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला आपल्या खेड्यांतली माणसे दिवसभर राबून संध्याकाळी जमतात, हे आपण पाहतोच. वेळ सोयीची असली की माणूस येतो.

दुसरी अडचण मनातली. “आम्ही अडाणी, शाळेत काय करू?” हे वाक्य पोडावर, तांड्यावर नेहमी ऐकू येते. परंतु कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारे पोर पहिलीत येते तेव्हा गुरुजींची मराठी त्याला उमगत नाही. अशा वेळी वर्गात येऊन अर्धा तास घरच्या बोलीत गोष्ट सांगणारी आई वा आजी हा गुरुजींचा मोठा आधार असतो. त्याला अक्षरओळख लागत नाही. २०२२ साली राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान झाले, त्यातही मातांचे गट करून घरच्या घरी मुलांची तयारी करून घेण्यावर भर होता. पोषण आहाराचा तांदूळ समोर मोजून घेणे, शिजलेले अन्न आधी चाखून पाहणे, उन्हाळ्यात झाडांना पाणी घालणे, ही कामेही कोणालाही जमतात. गाडगेबाबांच्या वऱ्हाडात आवार झाडायला माणूस मिळू नये, हे बरे नव्हे.

आता फडाकडे येऊ. आपला ऊस तोडायला येणारा एक ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती गाव सोडते दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि परतते मार्च-एप्रिलात. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र सगळे फडावर जाते. मोठी मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, मुलगा मोळ्या उचलू लागतो. असे दोन-तीन हंगाम गेले की पोर शाळेतून कायमचे उठते. गावच्या समितीत हे आईबाप सदस्य असले तरी नेमक्या कामाच्या महिन्यांत त्यांची जागा रिकामी. नव्या समितीने आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी करायचा असतो. तेव्हा ते शेकडो किलोमीटर दूर ऊस तोडत असतात. त्यांच्या मुलांचे म्हणणे मांडणार कोण?

यावर एक चांगला उपाय महाराष्ट्रात निघाला, तो म्हणजे हंगामी वसतिगृह. आईबाप तोडणीला गेले तरी पोर गावीच राहते, शाळेत जाते, आणि त्याच्या जेवणाखाण्याची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. शासन त्यासाठी पैसा देते. पण पोराला आजारपणात दवाखान्यात नेणे, रात्री सोबत झोपणे, हे गावालाच करावे लागते. जिथे समिती जागी, तिथे वसतिगृह चालते. जिथे सह्यांपुरती, तिथे पोर आईबापांसोबत ट्रॅक्टरवर बसते.

गावाने पोरांना जेवू घालणे ही काही नवी गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली. त्यांच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बाया दळणातून मूठभर धान्य बाजूला काढत. त्यालाच मुष्टी फंड म्हणत. पुढे सहकारी कारखान्यांनी उसाच्या बिलातून टनामागे कपात करून शाळा-महाविद्यालये उभी केली. सभासदाच्या मुलाला त्याचा लाभ झाला. तोडणी मजुराच्या मुलाचा हिशेब अजून बाकी आहे.

म्हणून सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. आपले मूल शाळेत असो वा नसो, गावच्या समितीची बैठक कधी होते ते विचारावे व सोयीची वेळ सुचवावी.

२. आपल्या शेतात राबणाऱ्या सालदाराला व मजूर बाईला बैठकीसाठी मोकळे करावे, त्या वेळेची मजुरी कापू नये.

३. गावातून कोणी तोडणीला जात असेल तर त्यांच्या मुलांची नावे दसऱ्यापूर्वी मुख्याध्यापकांना कळवावी, म्हणजे वसतिगृहाची मागणी वेळेत जाईल.

४. आपल्या फडावर टोळीसोबत मुले आली तर जवळच्या शाळेत नेऊन बसवावीत. दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मूळ शाळेने शिक्षण हमी पत्रक दिले असल्यास मुकादमाकडून मागून घ्यावे.

लागणीत नांग्या पडल्या तर आपण वेळेवर भरतो, कारण उशिरा भरलेले रोप बरोबरीच्या उसाला गाठत नाही. वर्गातल्या रिकाम्या जागेलाही हाच नियम आहे. यंदा टोळी बांधावर उतरेल तेव्हा किती कोयते आले हे मोजाल, तशी पोरे किती आली हेही मोजावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी