उसाला कायदा, दुधाला बाजार

अहिल्यानगर जिल्ह्यातील (तेव्हाचा अहमदनगर) पुणतांबे येथील शेतकऱ्यांच्या पुढाकाराने १ जून २०१७ रोजी संप सुरू झाला, तेव्हा शेतकरी संपावर जातो म्हणजे नेमके काय करतो, असा काहीसा उपरोधिक प्रश्न शहरांतून विचारला गेला. त्याचे उत्तर लवकरच मिळाले. शहरांकडे जाणारे दूध आणि भाजीपाला वाटेतच अडला आणि सकाळच्या चहाची दोरी गोदाकाठच्या गोठ्याला बांधलेली आहे, हे पुष्कळांच्या प्रथमच ध्यानात आले. त्या दोरीला ओढ कोण देतो आणि ती काचते कोणाला, हा प्रश्न मात्र संप मिटल्यावरही तसाच राहिला.

एके काळी ही दोरी गावाकडून ढकलली जात होती. १९४९ मध्ये आरेची वसाहत उभी राहिल्यापासून मुंबईच्या दुधाची जबाबदारी शासनाने अंगावर घेतली. १९७० मध्ये दूध महापूर योजना आली. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या नगरच्या शेतकऱ्याला संकरित गाईचा आधार मिळाला, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी व गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ सिद्ध केली. शासन ठरवील तो भाव आणि गोठ्यात निघेल ते दूध, असा तो व्यवहार होता. तो निर्दोष होता असे नव्हे. पुष्टकाळात दूध अंगावर आले की संकलनाला सरळ ‘सुट्टी’ दिली जाई, आणि धार मात्र सुट्टी घेत नसे.

१९९१ नंतर हे चित्र पालटले. १९९२ च्या केंद्रीय आदेशाने दूध प्रकल्पांना संकलनाची क्षेत्रे नेमून दिली होती. २००२ मध्ये ते बंधनही गेले. संगमनेरसारख्या ठिकाणच्या सहकारी संघांच्या शेजारी खासगी संकलन केंद्रे उभी राहिली. श्रीरामपूरजवळच्या ‘प्रभात’चा दुग्धव्यवसाय २०१९ मध्ये ‘लॅक्टालिस’ या फ्रेंच उद्योगसमूहाकडे गेला. या स्पर्धेने शेतकऱ्याचे काहीच भले केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. फॅट मोजणारी यंत्रे गावोगावी आली, शीतकरणाच्या टाक्या बसल्या, दर दहा दिवसांचा दुधाचा ‘पगार’ थेट बँकेत जमा होऊ लागला. किराणा, औषधे, मुलांची फी या पगारावरच भागते. उसाचे पैसे यायला वर्ष-दीड वर्ष लागते.

पण ही साखळी आता बाजाराच्या ओढीने चालते, म्हणजे प्रत्यक्षात काय घडते? संकलित दुधाचा एक भाग पिशवीतून घरोघरी जातो. त्याची मागणी बऱ्यापैकी स्थिर असते. उरलेल्याची भुकटी आणि लोणी होते, आणि त्यांचे भाव देशातील साठ्यावर व परदेशातील मंदी-तेजीवर हेलकावतात. भुकटी पडली की डेअरी केवळ भुकटीला गेलेल्या दुधाचा नव्हे, तर सगळ्याच दुधाचा खरेदीदर उतरवते. शहरातील पिशवीची किंमत मात्र क्वचितच उतरते. त्यात फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ या प्रमाणाच्या खाली दूध गेले की प्रत्येक अंशामागे वेगळी वजावट होते. बाजाराचा संदेश गावापर्यंत विलक्षण वेगाने पोहोचतो यात शंका नाही, परंतु तो येतो केवळ दरकपातीच्या रूपाने.

कारखान्यातील यंत्र अशा संदेशावरून थांबवता येते, गाय थांबवता येत नाही. रेतन केल्यापासून वासरू जन्मून, त्याची कालवड होऊन ती दुधावर येईपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ जातो. आज भाव चांगला म्हणून शेतकऱ्याने घेतलेला निर्णय त्याला फळ देतो तेव्हा बाजार कुठल्या कुठे गेलेला असतो. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद झाली तेव्हा दर इतके कोसळले, की राज्याला रोज दहा लाख लिटर दूध २५ रुपयांनी घेऊन भुकटी करण्याची योजना आखावी लागली. २०२३ च्या जुलैमध्ये शासनाने गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये दर जाहीर केला. नोव्हेंबरपर्यंत तो सत्तावीसच्या आसपास घसरला होता. आदेश होता, पण त्यामागे कायद्याचे बळ नव्हते. मग २०२४ मध्ये लिटरमागे पाच आणि पुढे सात रुपये अनुदान आले, तेही गाईच्या कानातील बिल्ल्याची नोंद जुळली तर. त्याच वर्षीच्या जुलैत अकोले तालुक्यातील कोतूळ येथे शेतकरी दुधाच्या भावासाठी धरणे धरून बसले होते. अनुदानाने तातडीची गरज भागते हे खरे. तथापि बाजारातील जोखीम डेअरीने गोठ्यावर टाकावी आणि गोठ्याने ती सरकारी तिजोरीवर टाकावी, हा काही व्यवहार नव्हे.

आश्चर्य असे, की याच शेतकऱ्याचा ऊस निराळ्या न्यायाने विकला जातो. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना सुरू केला, तोच मुळी दलाल आणि खासगी कारखानदार यांच्या तावडीतून ऊस सोडवण्यासाठी. आज उसाला केंद्राने ठरवलेली किमान किंमत चौदा दिवसांत देण्याचे बंधन आहे. त्यावर २०१३ च्या राज्याच्या कायद्याने साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातील सत्तर टक्के वाटा उत्पादकाचा ठरवला. बाजार चढला तर वाटा चढतो, पडला तर खाली किमान किमतीचा आधार असतो. थकबाकीची रडगाणी तेथेही आहेत, आणि खात्रीच्या दरामुळे पाण्याची पर्वा न करता ऊस वाढत गेला, हा आरोपही खोटा नाही. परंतु निदान जोखमीची वाटणी कोणत्या प्रमाणात व्हावी, हे तेथे लिहिलेले आहे. दुधाच्या बाबतीत ते कोठेच लिहिलेले नाही.

उसाचा साचा दुधाला जसाच्या तसा बसणार नाही, ही हरकत रास्त आहे. ऊस कारखान्याच्या परिसरातच गाळावा लागतो. दुधाचा टँकर रातोरात दुसऱ्या राज्यात जातो. एका राज्याने दर बांधला तर शेजारच्या राज्यातील स्वस्त दूध येईल, आणि निश्चित भाव सांगणारा आदेश काय करू शकतो हे २०२३ ने दाखवलेच आहे. म्हणूनच भाव बांधण्यापेक्षा वाटा बांधण्याची कल्पना अधिक विचारार्ह ठरते. तिच्या आड खरी अडचण येते ती हिशेबाची. साखरेचा उतारा, गाळप, उत्पादन यांचे आकडे हंगामभर प्रसिद्ध होतात, म्हणून तेथे वाट्याची भाषा तरी बोलता येते. पिशवीत किती दूध गेले, भुकटीला किती, लोणी कोणत्या भावाने विकले, हे मात्र संकलन केंद्रावर किटली घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कळण्याची सोय नाही. प्रत्येक डेअरीने, मग ती सहकारी असो वा खासगी, हे आकडे दर तिमाहीला जाहीर करण्याचे बंधन घालण्यास तिजोरीतून एक पैसाही खर्चावा लागणार नाही. टक्केवारीचा वाद त्यानंतरचा.